त्रिंबकची नोंद

इतिहास घेऊन एम.ए. केलेल्या पोरीचं पुढं काय होतं, हे लिंबागणेशच्या अलीकडच्या धनगरवस्तीला पाठ होतं. काहीच होत नाही. रोहिणीनं दोन वर्षं कॉलेजात तासिकांवर शिकवून पाहिलं, तीनदा स्पर्धापरीक्षा दिली, आणि बघता बघता एकोणतिशी आली. "मेलेल्यांच्या भानगडी शिकून जित्याचं पोट भरत न्हाई," असं तिचा बाप तात्याबा मेंढरं हाकता हाकता म्हणायचा. खरं सांगायचं तर रोहिणीलाही ते पटायला लागलं होतं.

मग जुन्या नोंदी शोधायचं वारं सुटलं. जातीच्या दाखल्यासाठी जो तो पणजोबाचं नाव हुडकत बीडला धावू लागला. बाडं मोडी लिपीत, आणि मोडी वाचणारं माणूस औषधालाही मिळेना. रोहिणीनं विद्यापीठात हौसेनं मोडीचा वर्ग केला होता. कंत्राटावर का होईना, पोरीला कचेरीत खुर्ची मिळाली. तात्याबानं वस्तीभर गूळ वाटला आणि आधी बोललेलं सगळं सोयीस्करपणे विसरून गेला.

काम जन्ममृत्यूच्या बाडांचं होतं. दुपारपर्यंत पन्नास-साठ मरणं वाचून व्हायची. पटकी, ताप, बाळंतपण, साप. बाराच्या पुढं माणसं जेवायला उठली की खोलीत ती एकटी आणि ती नावं. तिला भीती वाटायची. पण शिकलेल्या बाईनं दिवसाढवळ्या भ्यायचं म्हणजे हसंच, म्हणून तिनं ते कुणाला सांगितलं नाही. बाड मिटलं तरी माणसं मिटत नव्हती. एसटीत शेजारी बसून घरापर्यंत येत.

घरी तिच्या कामाचं विचारणारी एकच होती. चंद्रभागाबाई, तात्याबाची चुलती, वय पंच्याऐंशी. "आज कोन कोन भेटलं गं कागदात?" म्हणायची. तिचा नवरा त्रिंबक सत्तर वर्षांपूर्वी मेंढरं घेऊन बालाघाटाच्या पलीकडं चारायला गेला, तो आलाच नाही. तेव्हा ती पंधराची. मेल्याची खबर नाही, म्हणून कपाळावर रुपयाएवढं कुंकू अजून होतं, आणि दुपारभर ती रस्त्याकडं डोळे लावून बसे. नवऱ्याचं नाव तिनं लग्नातल्या उखाण्यात घेतलं, त्यानंतर कधीच नाही. तिच्या तोंडी कायम 'त्ये'.

चैत्रातल्या एका दुपारी घाटनांदूरकडच्या एका गावाचं बाड हाती आलं. रोहिणी बोट ठेवून वाचत गेली.

'परगावचा मेंढका, पुरुष, वय अजमासे बावीस. पटकीने मयत. सोबत मेंढ्या अकरा, सर्वांचे डाव्या कानास दोन काप, उजव्यास भोक. नाव विचारता एकच सांगे. मयताचे नाव : चंद्रभागा.'

तिनं तीनदा वाचलं. धनगरांत दर घराची कानाची खूण वेगळी असते. कळप मिसळले तर आपलं जनावर ओळखावं म्हणून कोकराचे कान तसे कातरतात. डाव्याला दोन काप, उजव्याला भोक. मागच्याच दिवाळीत तिनं स्वतःच्या हातानं घरच्या कोकरांना ही खूण केली होती. मरताना शुद्ध हरपलेल्या त्रिंबकला लोक नाव विचारत होते, तो बायकोचं सांगत होता, आणि कोतवालानं ऐकलं तसं लिहून ठेवलं. रिकाम्या खोलीत कुणीतरी पाणी मागितलं. रोहिणी उठून उन्हात जाऊन उभी राहिली, तरी अंगावरचा काटा जाईना.

"सांगू नगं," रात्री तिनं बापाला सांगितलं, तेव्हा तात्याबा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "ह्या वयात तिचं कुकू पुसायचं का? तुझ्याबिगर कुनाला वाचता येतंय त्ये?"

एकोणीस दिवस ती गप्प राहिली. "आज कुणी न्हाई भेटलं, आज्जी," म्हणत राहिली. पण त्रिंबक तिची पाठ सोडीना. पाण्याच्या माठापाशी, मेंढरांच्या वाड्यात, जिथं जावं तिथं बावीस वर्षांचा, ओठ सुकलेला. आपण एकटीनं याला कुठवर सांभाळायचं, असं होऊन गेलं. शेवटी एका रविवारी सकाळी ती म्हातारीपुढं बसली आणि मोबाइलमधला त्या नोंदीचा फोटो उघडून सगळं वाचून दाखवलं.

म्हातारी रडली नाही. तिनं पदर ओढून घेतला आणि पंच्याऐंशीव्या वर्षी नव्या नवरीसारखी लाजली.

"माजं नाव घेतलं? परक्या मानसांपुढं?"

"हां, आज्जी."

"आन् मेलं कोन लिवलंय त्यात?"

"चंद्रभागा."

"त्यांचं नाव?"

"न्हाई कुठंच."

म्हातारीनं कपाळावरच्या कुंकवाला बोट लावून पाहिलं. मग मान हलवून म्हणाली, "मंग मेले ती मी. त्ये हायेत."

"अगं, कानांची खूण..." रोहिणी बोलू लागली आणि थांबली. अकरा मेंढ्या, पटकी, वय, सगळं ती समजावणार होती. पण म्हातारीच्या चेहऱ्यावर इतकं समाधान तिनं जन्मात पाहिलं नव्हतं, आणि ते आपल्याच वाचण्यानं आलंय, हे कळून तिनं मोबाइल पालथा घातला.

दुपारी तात्याबाच्या बायकोनं, चतुराबाईनं भाकरी पुढं केली, तर म्हातारीनं ताट हातानं बाजूला सारलं.

"मेलेल्या मानसाला का म्हून वाढतीस?" म्हणाली, आणि रोजच्यासारखी रस्त्याकडं तोंड करून बसली.