ठमाबायचा चर

अन्याय ठमाबायवर झाला. गेल्या वर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता. मी तिथे उभी होते म्हणून वेळ सांगते आहे. तिने आणि तिच्या सासऱ्याने मिळून पन्नासेक पावसाळे जपलेला चर जेसीबीने पाऊण तासात बुजवला. बुजवा म्हणून तक्रार आमच्या कॉलनीने केली होती. तक्रारीवर पहिली सही माझ्या बाबांची होती.

आता ठमाबाय कोण, ते सांगते, कारण कॉलनीतल्या निम्म्या लोकांना ती फक्त ‘गवत कापणारी बाई’ म्हणून माहीत आहे.

पेणच्या कडेला जिथे गाव संपतं आणि डोंगर सुरू होतो, तिथे उतार कापून आमचे प्लॉट पाडले. आम्ही गावातून तिथे राहायला गेलो तेव्हा मी तिसरीत होते. शेजारी, थोडी खालच्या अंगाला, कातकऱ्यांची वाडी. ती आमच्या आधीपासूनची. पहिल्याच उन्हाळ्यात एका सकाळी मागच्या दाराशी एक सडपातळ बाई आली, कासोटा घातलेली, कमरेला कोयता. म्हणाली, “तांब्याभर पाणी दे गो.” आईने माठातलं गार पाणी दिलं. बाई तांब्या घेऊन सरळ डोंगर चढली आणि वर जाऊन पाणी जमिनीवर ओतून दिलं. आई खालून ओरडली, “अहो, प्यायला मागितलंत ना?”

“पियाला कुठं मागितला?” ती वरूनच म्हणाली. “पाण्याला इचारते हाय, यंदा कुठून जातोस म्हणून.”

मग ती त्या ओलीमागे चालत गेली, वाकून, शाळेतल्या हट्टी पोराच्या मागे चालावं तशी. ओल थांबली तिथे तिने दगड ठेवला आणि पुन्हा खाली आली. “आजून एक तांब्या दे.” त्या दिवशी आईला तिने किती फेऱ्या मारायला लावल्या याची गणती नाही. संध्याकाळपर्यंत डोंगरावर दगडांची एक तिरकी रांग उभी राहिली होती. दुसऱ्या दिवशी सगळी वाडी कुदळी घेऊन आली आणि त्या रांगेने चर साफ केला. वरून येणारं पाणी त्या चराने अडायचं, वाडीला आणि आमच्या घरांना वळसा घालून पलीकडच्या ओढ्यात जायचं. दरवर्षी, रोहिणी नक्षत्र निघायच्या आत. डोंगराची माती दरवर्षी थोडी सरकते, म्हणून दरवर्षी पुन्हा विचारायचं.

“पाणी आंधळं हाय गो,” ती म्हणायची. “त्याचा हात धराला लागतो.”

मी तिच्या मागे मागे फिरले तेवढी शाळेतल्या कुठल्याच बाईंच्या मागे फिरले नाही. पाऊस लागला की ती पळसाचं पान चरात सोडायची आणि पान अडकेल तिथे कुदळ मारायची. मी पानाच्या बाजूने धावायचे, चिखलात पडायचे. ती हसायची, “मास्तरची पोर, चालाला कोन शिकिवनार तुला?” गणपतीच्या आधी दोन महिने ती हमरापूरच्या कारखान्यात मूर्ती घासायला जायची. परत यायची तेव्हा कोपरापर्यंत पांढरी, आणि एका कानावर हमखास सोनेरी ठिपका. तो ती पुसायची नाही. मी विचारलं तर म्हणाली, “ऱ्हाऊ दे. वाडीत सोनं फकस्त माज्याच कानात हाय.”

बाबांशी तिचं विशेष जमायचं. बाबा भूगोलाचे मास्तर. त्यांनी एकदा तिला फळ्यावर उतार आणि समोच्च रेषा काढून दाखवल्या. तिने नीट बघितलं आणि म्हणाली, “चांगलं हाय मास्तर. पण ह्या डोंगराला पाऊस लागतो का?” बाबा आठवडाभर हा किस्सा सगळ्यांना सांगत होते. तेच बाबा, ऐका. कॉलनीला मागच्या भिंतीपलीकडे चालायला ट्रॅक हवा झाला. चर नेमका तिथे. कॉलनीच्या कमिटीने तक्रार लिहिली की वाडीची माणसं डोंगर खोदून मुरूम चोरतात आणि त्यांच्या झोपड्याही अतिक्रमण आहेत. बाबांनी न वाचता सही केली, असं ते म्हणतात. मी त्यांना म्हटलं, पोरांना न वाचता सही करू दिली असतीत का तुम्ही?

पण बाबांवर किती ओरडू? पुढची चूक माझी आहे.

मी तेव्हा नुकतीच आदिवासींच्या हक्कांची पत्रकं वाटायला लागले होते. झोपड्या पाडू नका म्हणून तहसीलला चार पानी अर्ज लिहिला. वाडीतलं प्रत्येक घर, प्रत्येक नाव, प्रत्येक रेशनकार्ड. वाडीत बसून तो मोठ्याने वाचून दाखवला. सगळे खूश. ठमाबायने खेकडे साफ करता करता विचारलं, “चर लिवलास?”

“ठमाबाय, आधी घरं वाचवू या. चराचं नंतर बघू.”

“घर मी चार दिसांत बांधते गो. चर लिव.”

“अगं, चर म्हणजे काय मालमत्ता आहे का? साहेब हसतील आपल्याला.”

तिने अंगठा उठवला. अंगठ्याला खेकड्याचा चिखल होता, तो डाग अर्जाच्या प्रतीवर अजून आहे.

घरं वाचली. मी वाडीत पेढे वाटले. त्यानंतर आला तो सोमवार. जेसीबीपुढे उभी राहून मी ओरडत होते तर तहसीलच्या साहेबांनी शांतपणे फाइल उघडली आणि माझाच अर्ज माझ्यापुढे धरला. “मॅडम, चर होता म्हणता. तुमच्याच अर्जात कुठे आहे, दाखवा.”

मी चारही पानं उलटली. चर कुठेच नव्हता.

ठमाबाय रडली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, “पाणी दे गो.” मी धावत जाऊन तांब्या आणला. तिने तो ताज्या सपाट मातीवर ओतला. मातीने पाणी पिऊन टाकलं, पण त्याआधी ओल हातभर सरकली होती, सरळ आमच्या भिंतीकडे. “बघ,” ती म्हणाली. “आता भिंतीशी येनार, भिंत त्याला वाडीवर ढकलनार.” भिंतीपलीकडे बाबा उभे होते. त्यांनी ऐकलं.

जुलैत तसंच झालं. एका दुपारी पाणी भिंतीशी आलं, भिंतीच्या कडेकडेने गेलं आणि चिखलासकट वाडीत शिरलं. माणसं वाचली, कारण सकाळीच ठमाबायने कोयता दाखवून एकेकाला घराबाहेर काढलं होतं. तिचं स्वतःचं घर कमरेइतकं भरलं. आमच्या अंगणातली तुळससुद्धा हलली नाही.

ती आता खांब गावी लेकीकडे आहे. दिवाळीनंतर मी गेले होते. मला वाटलं, बोलणार नाही. तिने चहा केला आणि पहिला प्रश्न विचारला, “तुजा बा चालतो का त्या ट्रॅकवर?” मी म्हटलं, नाही, जुलैपासून एकदाही नाही. ती खूप वेळ हसली. मग म्हणाली, “मंग त्याला सांग, खडू घेऊन ये. मी इचारीन, तो रेघ मारील.”

बाबांनी खडू आणलाय. मी नवा अर्ज दिलाय, त्यात पहिल्या ओळीत चर आहे आणि घरं त्याच्याखाली. कमिटीतले काही म्हणतात, एवढे पेव्हर ब्लॉक लावले ते उखडायचे का? हो, उखडायचे. तुमचे पाय कॉलनीच्या रस्त्यावरही चालतील. पाणी मात्र ओढ्यापर्यंत कसं जाणार, ते एकाच बाईला माहीत आहे आणि तिला आपण इथून घालवली.

रोहिणीच्या आधीच्या रविवारी ती सकाळच्या एसटीने येते आहे. हे वाचणाऱ्या तुम्हाला माझं सांगणं आहे, माझ्या अर्जावर सही करून मोकळे होऊ नका. कुदळ घेऊन मागच्या भिंतीपाशी या. आणि तुमच्या दाराशी येऊन तिने पाणी मागितलं तर प्यायला हवंय का, असं विचारू नका. तांब्या भरून द्या आणि तिच्या मागे चाला.