काठोकाठ भरलेला पेला

"पाणी हाललं का गं?" आतल्या खोलीतून थोरल्या काकांनी ओरडून विचारलं, आणि चहा गाळणाऱ्या काकूंनी मान वर न करताच सांगितलं, "हाललं की! लय हाललं."

भूकंप झाला की सगळं कोयनानगर घाबरे. भूकंप झाला नाही की घाबरणारे आमचे थोरले काका एकटेच. छातीत धडधडलं की ते फळीवरचा पेला बघायला लावत. पेला काठोकाठ भरलेला, वर तुळशीचं पान. पाणी हललं तर धरणी, न हललं तर काळीज, असा त्यांचा आडाखा. पलटणीत सुभेदार होते, पण स्वतः पेल्याकडे बघायचं धाडस त्यांना कधी झालं नाही. मोठ्या भूकंपानंतर बारीक धक्के येतच राहिले, त्यामुळे पाणी पुष्कळदा खरंच हलत असे. उरलेल्या वेळी काकू होत्या.

दुसऱ्यांच्या काळजाबद्दल मात्र ते बेधडक बोलत. पाहुणा चपला काढतोय तोच विचारत, "वडील कशानं गेलं? कितव्या वर्षी?" माझ्या चुलतबहिणीला बघायला उंब्रजहून मंडळी आली, तेव्हा मुलाच्या वडिलांना पोह्यांची बशी मिळण्याआधीच विड्या किती, तूप किती, चढावर दम लागतो का, हे सगळं सांगावं लागलं. "दोन वर्सं हायेत," काकांनी निकाल दिला. ती मंडळी पुन्हा फिरकली नाहीत.

आमचे आजोबा पन्नाशी ओलांडताच छातीला हात लावून गेले. मधले काकाही तसेच. थोरल्या काकांना एक्कावन्नावं लागलं होतं आणि विड्यांची दोन बंडलं रोज संपत होती. कुणी हे बोलून दाखवलं की ते म्हणत, "मी आईच्या वळणावर गेलोय. आईनं नव्वदी बघितली." पुरावा म्हणून नाक दाखवत.

मी सांगलीहून सुट्टीला आले, की इंग्रजी शाळेतली म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठ्या माझ्याकडे येत. "काय लिवलंय, मॅडम?" रक्तदाब फार वाढलाय, कराडला जाऊन हृदयाचा आलेख काढून घ्या, उशीर नको, असं या खेपेला लिहिलं होतं. मी वाचून दाखवलं. काकांनी चिठ्ठीची घडी खिशात घातली. "काकूला सांगू नगंस." मी नाही सांगितलं. माझ्या मराठीला सगळे हसत, म्हणून मी तशीही कमीच बोलायची. पण तेव्हापासून ते खोकले की मी त्यांच्या खिशाकडे बघायची.

आणि आज काकूंनी "लय हाललं" म्हटलं, तेव्हा मी फळीपाशीच उभी होते. काका दारात आले. कपाळावर घाम, डावा दंड उजव्या हातानं घट्ट धरलेला.

"बघा, धरणीच हाय," ते हसले. मग आजवर कधी विचारलं नव्हतं ते मला विचारलं. "काय मॅडम, हाललं न्हवं?"

फक्त 'व्हय' म्हण, एवढंच त्यांचे डोळे सांगत होते. तुळशीचं पान जागच्या जागी होतं.

"नाही काका," मी म्हणाले, "पाणी हललं नाही. ती चिठ्ठी घ्या. मी येते तुमच्याबरोबर कराडला."