रोल कच्चे राहिले तो दिवस

हे मी एकीखेरीज अजून कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. जळगावला माहेरी गेले की आईपाशी सगळं भडाभडा बोलते, तर तिलाही नाही. सांगायला बसले की गोष्ट हातातून निसटते आणि भलतीकडेच जाते — पिठाकडे, पावाकडे, नणंदेकडे. आताही बहुतेक तशीच जाईल.

तर पाव. पाव नव्हे, डिनर रोल — रेखाताई तसंच म्हणायच्या. रेखाताई म्हणजे माझी नणंद, पुण्याला असतात. त्यांनी नवा स्लो कुकर घेतला आणि जुना आम्हाला धुळ्याला आणून दिला. चिनी मातीचं खोल भांडं, बाहेरून विजेची शेगडी, वर काचेचं झाकण, पुढे एक लाल दिवा. मंद आचेवर काहीही तासन्‌तास शिजत ठेवायचं. देताना त्या म्हणाल्या, "राहू दे तुझ्याकडे. तुला काही जमणार नाही म्हणा, पण राहू दे." हसत म्हणाल्या होत्या. सगळेच हसले. मी काही मनाला लावून घेणारी बाई नाही — असं लिहिणार होते. पण आज तरी खोटं नको ना?

लागलं होतं मनाला. चांगलंच लागलं होतं. मी शिकलेली, नोकरी करायची म्हणून लग्नाआधी हट्ट धरलेली, आणि या घरात माझी ओळख काय, तर हिचं भरीत बरं असतं. आमच्याकडे ओव्हन नाही. स्लो कुकरमध्येही रोल होतात असं मोबाइलवर पाहिलं आणि मी इरेला पेटले. पहिल्यांदा झाकणाला जमलेली वाफ थेंब थेंब खाली पडली आणि रोलांचं पिठलं झालं. दुसऱ्यांदा बूड करपलं आणि वरून कच्चे. दोन्ही वेळा ते प्रकार खाल्ले एकट्या अक्कांनी, आणि वर चहा मागितला.

अक्का माझ्या सासूबाई. गल्लीभर सगळे त्यांना अक्काच म्हणतात. उभं आयुष्य नरडाण्याजवळच्या खेड्यात गेलं, सासरे वारल्यावर आमच्याकडे धुळ्याच्या देवपुरात राहायला आल्या. बोलणं सगळं अहिराणीत. मला त्यांनी कधी घालूनपाडून बोललेलं आठवत नाही — आणि हे मी त्यांच्या कौतुकासाठी सांगत नाही. मला नंतर तोंड लपवायला जागा राहू नये म्हणून आधीच सांगून ठेवते.

तिसऱ्या खेपेला युक्ती त्यांनीच काढली. तुरीच्या डाळीचे फुनके वाफवताना झाकणाला आतून फडकं बांधतात, म्हणजे वाफेचं पाणी पडत नाही. तसं याला का बांधत नाही, असं त्यांचं म्हणणं. बांधलं. तळाशी बटर पेपर घातला. आणि काय सांगू — रोल झाले. मऊ, एकमेकांना चिकटून बसलेले, बोटानं दाबले की पुन्हा वर येणारे. वरून तांबूस होत नाहीत, पण तव्यावर क्षणभर पालथे घातले की तेही साधतं. मी लगेच पुण्याला फोन केला. पाचोऱ्याच्या लग्नाला जाताना रेखाताई आणि त्यांचे मिस्टर आदल्या दिवशी आमच्याकडे जेवायला थांबणार होते. म्हटलं, या, तुमच्याच कुकरातले रोल खायला घालते, शेवभाजीबरोबर. फोन ठेवला तेव्हा अक्का माझ्याकडे बघून हसत होत्या.

आता अक्कांची एक सवय सांगायला हवी. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही — आणि मी नेमका तिचाच फायदा घेतला. अक्का बटणं बंद करायच्या. खोलीतून बाहेर पडल्या की पंखा बंद, दिवा बंद, चार्जिंगला लावलेला मोबाइलही बंद. एकदा आम्ही दोन दिवस बाहेरगावी गेलो तेव्हा निघता निघता त्यांनी फ्रिजही बंद केला होता. आल्यावर दाराबाहेरूनच वास आला. विजेची त्यांना भीती वाटायची. चालू राहिलं की घर पेटेल, असं काहीतरी मनात होतं. आमचे हे त्यांना घरचा वायरमन म्हणायचे. त्याही हसायच्या. सगळ्यांना माहीत होतं, सगळ्यांचं चिडवून झालं होतं, कुणी रागावत नव्हतं.

त्या दिवशी सकाळी दोघींनी मिळून पीठ मळलं. म्हणजे मळलं मी, फुगायला उन्हात ठेवायचं काम त्यांचं. रोलमध्ये हर्ब म्हणून काय घालायचं हेही आधीच ठरलं होतं — कोथिंबीर, कोवळा शेपू, ठेचलेला लसूण, आणि पिझ्झाबरोबर आलेल्या ओरेगॅनोच्या पुड्या, ज्या मी फ्रिजच्या दारात साठवून ठेवल्या होत्या. शिवाय ओव्याची पानं अक्कांनी कुंडीतून तोडून आणली, इतकी बारीक चिरली की हात हिरवे झाले. गोळे करून भांड्यात लावले, फडकं बांधलं, लाल दिवा लागला. अक्का स्टूल घेऊन समोरच बसल्या. मधेच झाकण वर करून डोकावल्या आणि म्हणाल्या, "बठ्ठा फुगी ऱ्हायनात." सगळे फुगताहेत. मग लेक येणार म्हणून लुगडं बदलायला उठून गेल्या.

आमच्या ओट्यावर मोठा पॉइंट एकच आहे. मला शेवभाजीचं वाटण करायचं होतं — कांदा-खोबरं भाजून तयार होतं. म्हणून मी कुकरचा प्लग काढला आणि मिक्सरचा लावला. दोन मिनिटांचं काम. वाटण झालं, आणि तेवढ्यात बेल वाजली.

मग काय झालं असेल, तुम्हीच सांगा. पाहुणे, पाणी, चहा, लग्नाच्या गप्पा, कोण कुणाचं कोण. माझं तोंड नुसतं चाललं होतं. रोल होताहेत, होताहेत, असं मी दोनदा तरी बाहेर सांगून आले. फोडणीला आत गेले तेव्हाही माझी पाठच होती कुकरकडे. शेवटी ताटं घ्यायची वेळ झाली, आणि वळून पाहिलं तर लाल दिवा नाही. पॉइंटमध्ये मिक्सरचा प्लग. बटण चालू.

मागून रेखाताईंच्या चपलांचा आवाज येत होता. त्या रोल बघायला आत येत होत्या. लाइट गेली होती म्हणून सांगावं, तर बाहेर टीव्ही चालू. विसरले म्हणावं — एवढंच म्हणायचं होतं हो. विसरले, मिक्सर लावला होता. कोण मारणार होतं मला? त्या हसल्या असत्या. तुला जमणार नाही म्हटलं होतं, असं म्हणाल्या असत्या. तेवढंच. तेवढंच मला नको होतं.

मी मिक्सरचा प्लग उपसला. कुकरचा लावला. आणि बटण बंद केलं.

हे मी विचार करून केलं. घाबरून झालं, नकळत झालं, असं मी स्वतःला खूप वेळा सांगून बघितलंय, पण प्लग बदलणं नकळत होत नाही. रेखाताई आत आल्या, झाकण उघडलं, आत राखाडी, चिकट, आंबूस गोळे. त्यांनी बटणाकडे पाहिलं. हे बंद कुणी केलं, असं विचारलं. मी म्हणाले, "अक्कांची सवय तुम्हाला माहीतच आहे."

एवढंच म्हणाले. कितीतरी दिवस मी या वाक्याला धरून बसले होते, की बघा, मी खोटं बोललेच नाही. सवय होतीच ना? माहीत होतीच ना?

सगळे हसले. आमच्या ह्यांनी वायरमन म्हणून हाक मारली. अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या, आधी हसू घेऊनच. रेखाताईंनी विचारलं, अक्का, तू बंद केलंस का? अक्कांनी भांड्याकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे. बोटं अजून हिरवट होती. मी वाट बघत होते की त्या नाही म्हणतील. त्या नाही म्हणाल्या असत्या तर मी — काय केलं असतं मी? माहीत नाही. त्या म्हणाल्या, "मन्हा हातघाईच व्हयनं व्हई. माले याद नही." माझ्याच हातून झालं असेल, मला आठवत नाही.

ते ऐकून हसणं थांबलं. रेखाताईंचा चेहरा उतरला. अक्का पुढे आल्या, गॅसवर तवा ठेवला आणि ते चिकट गोळे हातानं चपटे करून भाजायला लागल्या. कुणी खाल्ले नाहीत. त्यांनी खाल्ले. तेव्हा सांगता आलं असतं. त्या तव्याजवळ उभ्या होत्या, मी शेजारी उभी होते, मधे हातभर अंतर.

त्यानंतर त्या गॅसपाशी उभ्या राहिल्या नाहीत. म्हणजे आम्ही राहू दिलं नाही. रेखाताईंनी जाता जाता भावाला सांगितलं, लक्ष ठेव, आज बटण आहे, उद्या गॅस चालू राहील. ह्यांनी अक्कांना समजावलं. त्या लगेच हो म्हणाल्या. सकाळची आपली एक भाकरी त्या आपण थापून घ्यायच्या, ती बंद झाली. बँकेत एकट्या जाणं बंद झालं. कुणी काही विचारलं की आधी माझ्याकडे बघायला लागल्या, बरोबर सांगतेय ना म्हणून. आणि मी मान डोलवायची. प्रत्येक वेळी डोलवायची.

बटणांना त्यांनी पुन्हा हात लावला नाही. उन्हाळ्यात मी एकदा बाजारातून आले तर त्या बंद खोलीत पंख्याविना बसलेल्या, लुगडं घामानं चिकटलेलं. आमच्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत नसेल तर सांगून कळणार नाही. मी ओरडलेच. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी नही लावस हात बटनले." मी पंखा लावला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. रडून काय होतं? त्याही वेळी सांगितलं नाही.

पुढे त्या खरंच विसरायला लागल्या. नावं, वेळा, जेवलं की नाही ते. जळगावच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, हे कधीपासून सुरू झालं? आमचे हे म्हणाले, रोल कच्चे राहिले त्या दिवसापासून. आणि बटणाची सगळी हकिगत सांगितली. मी शेजारच्या खुर्चीत होते, मांडीवर पर्स घेऊन. एका बटणानं माणसाचं डोकं जात नाही, हे मलाही कळतं. डॉक्टरांना मी ते विचारलं नाही. त्यांनी नाही म्हटलं असतं, आणि मला बरं वाटलं असतं.

मागच्या महिन्यात मी अक्कांना सांगितलं. दुपारी घरात दोघीच होतो. त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं — मिक्सर, प्लग, बटण, रेखाताईंच्या चपलांचा आवाज. अक्का, ते मी केलं, तुम्ही नाही केलं. दोनदा सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि थोपटत राहिल्या.

"नही वं माय," त्या म्हणाल्या. "मीच बंद करं व्हतं. माले याद शे. लाल दिवा व्हता, मी बटन दाबं, तो इझना." बटण दाबलं आणि दिवा विझला.

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, त्याच शब्दांत, माझी समजूत घालावी तसं. रेखाताई आल्या तर आता कोण पाहुणी म्हणून विचारतात. मुलाला सासऱ्यांच्या नावानं हाक मारतात. सकाळचं दुपारी राहत नाही. हे एवढं मात्र पक्कं बसलंय, लाल दिव्यासकट. आता ते त्यांच्याकडून काढून घेणं माझ्या हातात नाही.

मी उठून वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले आणि तिथेच बसून राहिले. खाली आले तेव्हा अंधारून आलं होतं. अक्का पलंगावर तशाच बसून होत्या आणि दिवा लाव म्हणून मला हाक मारत होत्या. बटण त्यांच्या हाताशीच होतं.