शहाऐंशीव्या मिनिटाला उठलेली माणसे

२१ सप्टेंबर, रविवार, सायंकाळचे पाच वाजून एक्केचाळीस मिनिटे. निपाणीतल्या एका जुन्या थिएटरात आमच्या सिनेमाचे शहाऐंशीवे मिनिट चालू होते आणि माणसे उठून बाहेर जाऊ लागली होती. आधी तिसऱ्या रांगेतल्या दोन बायका उठल्या. मग त्यांच्या मागची जवळजवळ अख्खी रांग. ब्याण्णवाव्या मिनिटापर्यंत एकशे त्रेचाळीस प्रेक्षकांपैकी अठ्ठावन्न गेले होते.

मी वर प्रोजेक्टरच्या खोलीत बसून होते. मोजणे हे माझे काम होते. माणसे ज्या सीनमधून उठली, तो सीनही माझाच होता. मी लिहिलेला पहिला.

माझे शिक्षण एम.एस्सी. फिजिक्स. पुण्यातल्या एका लहान स्टुडिओत मी स्टोरी अ‍ॅनालिस्ट आहे. सिनेमाच्या गोष्टीचे तुकडे करायचे आणि कोणता तुकडा काय काम करतो ते तपासायचे, असे या नोकरीचे स्वरूप. एका तुकड्याला आम्ही बीट म्हणतो. गोष्टीतली परिस्थिती जिथे बदलते ती जागा म्हणजे बीट. राजकन्या पळून गेली, हा एक बीट. तिच्या भावाला ते कळले, हा दुसरा. या सिनेमात असे बेचाळीस होते.

सिनेमा स्पेस ऑपेरा प्रकारातला होता. नावात ऑपेरा असला तरी त्यात कोणी गात नाही. अंतराळात घडणारी घराण्यांची मोठी गोष्ट असते ती: राज्ये, वारस, आरमारे, फितुरी. ग्रहांच्या जागी गावे ठेवली तर कोणत्याही तालुक्यातली भाऊबंदकी दिसेल. अशा गोष्टीत ताण पायरीपायरीने चढवावा लागतो. जग अनोळखी असते, त्यामुळे प्रेक्षकाचा हात एकदा सुटला की तो पुन्हा सापडत नाही.

सत्ताविसावा बीट मात्र या नियमात बसत नव्हता. त्यात काहीच बदलत नाही. शेवटच्या लढाईआधी कॅप्टनचे जहाज एका चंद्राच्या आड लपते. इंजिने बंद. खिडकीतून त्यांचा स्वतःचा ग्रह दिसतो आणि त्यावरून दिवस-रात्रीची सीमारेषा हळूहळू सरकत असते. ती रेषा ज्याच्या गावावर येते तो खलाशी सांगतो की आता तिथे काय चालले असेल. कोणाची वासरे गोठ्यात येत असतील. कोणाच्या वडिलांनी दाराशी खुर्ची टाकली असेल. मध्येच कॅप्टन म्हणते, “आता आमच्याकडे दिवे लागतील.” अकरा मिनिटे. बस्स.

लेखकांनी ती जागा तीनदा लिहिली होती आणि तीनदा फेकली होती. आमचे स्टोरी हेड निनाद सर एके दिवशी वैतागून मला म्हणाले, “तूच रोज चुका दाखवतेस. एकदा लिहून दाखव.” मी दोन दिवसांत सीन लिहिला. तो टिकला तर मला लेखकांच्या टीममध्ये घेणार होते. त्या टीमच्या खोलीला काचेचे दार आहे. तीन वर्षे मी त्या दारासमोरून जात होते.

टेस्ट स्क्रीनिंग म्हणजे अर्धवट तयार सिनेमा निवडक प्रेक्षकांना दाखवून त्यांची प्रतिक्रिया मोजणे. आमचा सिनेमा मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत येणार होता. दोन्ही भाषा घरात बोलणारे प्रेक्षक हवे होते. निपाणी मी सुचवली. माझे गाव सदलगा, इथून तासाभराच्या अंतरावर. “या भागातली माणसे मला माहीत आहेत,” असे मी प्रस्तावात लिहून दिले होते. आईलाही यायला सांगितले होते.

नियम माझेच होते. मध्यंतर नाही, कारण मध्यंतराने आलेख तुटतो. बाहेर गेलेल्याला परत आत प्रवेश नाही, कारण येणे-जाणे सुरू झाले की मोजता येत नाही. दर मिनिटाला कॅमेरा अंधारातल्या खुर्च्यांचा एक फोटो काढतो. त्यात चेहरे दिसत नाहीत. भरलेली खुर्ची आणि रिकामी खुर्ची एवढेच दिसते. शो तीनचा होता. प्रोजेक्टरने फाइल वाचायला नकार दिला, म्हणून तो सव्वाचारला लागला. ही नोंद मी ‘तांत्रिक अडचणी’ या रकान्यात केली आणि पुढे गेले.

सिनेमा सहा सत्तावीसला संपला. आत राहिलेल्यांकडून फॉर्म भरून घेतले. सहा चाळीसला पुण्याला फोन केला.

“किती गेले?” निनाद सरांनी विचारले.

“अठ्ठावन्न.”

“कुठे?”

“सत्तावीसमध्ये.”



“सॉरी,” ते म्हणाले. “पण ग्राफ तूच काढलायस. मंगळवारी दुपारी एडिट लॉक आहे. सत्तावीस काढतो.”

एडिट लॉक झाल्यावर सिनेमात कोणालाही काही हलवता येत नाही. मी “ठीक आहे, सर,” म्हटले. आवाज नीट आला. मी लॅपटॉप बंद करून बाहेर आले.

थिएटरच्या पायऱ्यांवर वीस-पंचवीस माणसे बसली होती, बहुतेक बायका. मधोमध माझी आई, मांडीवर धुतलेला रिकामा डबा घेऊन.

“आई, तू पण उठून गेलीस?”

“व्हय. जेवाय नको? दिवस मावळाय आलता.”

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. 

“तीनचं म्हणून आलतो आम्ही,” आई सांगू लागली. “सव्वापाचला सुटंल म्हटलं. आत काळोख, किती वाजलेत कळंना. आणि तुझ्या पिक्चरमधली ती बाई बोलली की गं, आता दिवे लागतील म्हणून. ही सुनंदाक्का दचकलीच. अगं बाई, म्हणली, मावळला का काय! मग सगळ्यांनीच घड्याळं बघितली.”

“मग परत आत का नाही आलात?”

आईने हनुवटीने दाराकडे खूण केली. दारावर बसूअण्णा उभे होते. थिएटरची चावी गेली तीस वर्षे त्यांच्याकडे आहे.

“मीच अडवलं मॅडम,” ते म्हणाले. “पंधरा-वीस मिन्टात लई जण आलते परत. तुमच्या आई म्हणल्या, माझी लेक आत हाय. मी म्हणलं, लेकीचंच लेटर हाय बघा, बाहेर गेलेला आत न्हाय. काय करूया?”

माझ्या सहीचा कागद त्यांनी खिशातून काढून दाखवला.

“तिनं लहानपणी बी असंच केलतं,” आई सुनंदाक्काला म्हणाली. “नियम करायची आणि आम्हालाच बाहेर ठेवायची.”

बायका हसल्या. मीही हसले असते, पण मनात हिशोब सुरू झाला होता.

आमच्या भागातली जैन घरे चातुर्मासात सूर्यास्ताआधी जेवण आटोपतात. पुष्कळ घरांत वर्षभर हेच चालते. सप्टेंबर म्हणजे ऐन चातुर्मास. त्या दिवशी सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळला. जेवण त्याच्या बरेच आधी उरकायचे, म्हणजे पावणेसहा ही उठायची वेळ. हे मला कोणी समजावून सांगायला नको होते. अठरा वर्षे मी तसेच जेवले होते. नंतर हॉस्टेलची मेस आठला उघडू लागली, नोकरीत दहा वाजू लागले, आणि मी काही सोडते आहे असे मला कधी वाटले नाही. सोडण्याचा निर्णय घ्यावा लागतो. मी तो घेतलाच नव्हता.

सदलग्याला आमच्याकडे सहाला ताटे घासून पालथी पडत. मग झोपेपर्यंतचा सगळा वेळ मोकळा. गच्चीवर सतरंजी टाकायची आणि पडून राहायचे. पश्चिमेचा उजेड जाताना आई एकेक नाव घ्यायची: आत्ता मामाकडं दिवे लागले असतील, आत्ता थोरल्या आक्काकडं. मी तारे मोजत असे. फिजिक्सकडे मी त्या गच्चीवरून गेले, आणि तो सीनही तिथलाच होता. पुण्यात माझ्या खोलीला पश्चिमेची खिडकी नाही. लिहिताना मी कॅप्टनला ती दिली होती, एवढे मला त्या पायऱ्यांवर कळले.

सात वाजता पुन्हा फोन केला.

“सर, सत्ताविसाचा आकडा धरता येणार नाही. माणसे जेवायला गेली होती.”

“अठ्ठावन्न माणसं? एकदम?”

मी कारण सांगितले. सीनमधल्या वाक्याने त्यांना वेळेची आठवण झाली, हेही सांगितले.

“म्हणजे सीन इतका चांगला आहे की लोक उठून जातात. हे मी प्रोड्यूसरला सांगू?”

“तसे मी म्हणत नाही. आकडा काहीच सांगत नाही, एवढेच म्हणते.”

“दुसऱ्या कोणाचा सीन असता तर म्हणाली असतीस?”

प्रश्न रास्त होता. मी तो टाळला नाही. “माहीत नाही, सर. म्हणून पुन्हा मोजू द्या. जे उठून गेले त्यांनाच उद्या सकाळी नऊला बोलावते. ऐंशीव्या मिनिटापासून पुढे दाखवते. कंटाळून गेले असतील तर येणार नाहीत.”

“सोमवारी सकाळी? कामं सोडून? अर्धा सिनेमा बघायला?”

“म्हणूनच.”

“किती आले तर मानायचं?”

“निम्मे.” आकडा आधीच ठरवावा लागतो. नंतर ठरवला तर ती पळवाट होते.

“तू हरशील,” ते म्हणाले. “पण कर.”

आईला मी बजावले की गावात कोणालाही आग्रह करायचा नाही, फक्त वेळ सांगायची.

“चांगलं हाय म्हणून बी सांगायचं न्हाय?”

“नाही.”

“बरं. वाईट हाय म्हणून सांगतो मग.”

सोमवारी पावणेनऊला थिएटरसमोर बसूअण्णा आणि मी, दोघेच होतो. रविवारी प्रत्येकाला खुर्चीच्या नंबरची चिठ्ठी दिली होती. चिठ्ठीवर रिकाम्या झालेल्या खुर्चीचा नंबर असेल त्यालाच प्रवेश. आठ पन्नासला तीन जण आले. पंचावन्नला नऊ. मी रस्त्याकडे पाहायचे नाही असे ठरवले आणि पाहत राहिले. मग चिकोडीकडून येणारी बस थांबली आणि पायऱ्या भरल्या. एका शिक्षिकेने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. एक गृहस्थ मला म्हणाले, “तंबाखूच्या वखारीला कुलूप घालून आलोय, बाई. लवकर लावा. आणि ती चंद्राच्या मागं लपल्याली, तिथनंच लावा. मधलं खाऊ नका.”

चिठ्ठी नसलेलीही आठ-दहा माणसे आली होती. बसूअण्णांनी त्यांना बाहेर बसवले. माझा कागद अजून त्यांच्या खिशात होता.

सिनेमा सुरू झाला. या वेळी मी वर गेले नाही. हॉलमध्ये मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले. पडद्यावर रेषा सरकू लागली. वासरे आली, खुर्ची आली. कॅप्टनने आपले वाक्य म्हटले. सकाळचे नऊ नुकतेच वाजून गेले होते. कोणी घड्याळ पाहिले नाही. पुढच्या रांगेतून एक म्हातारा आवाज हळूच म्हणाला, “लागलं असतील की.” एक जण फोन घेऊन बाहेर गेला तो परतला नाही. बाकीचे बसून राहिले.

पुढे सरांनी आकडा मानला, सीनच्या सुरुवातीचे दीड मिनिट मात्र कापले. तिथे त्यांचे बरोबर होते. सीन साडेनऊ मिनिटांचा झाला आणि राहिला. मला काचेच्या दाराच्या आत एक खुर्ची मिळाली.

पण त्या सकाळी हे अजून ठरायचे होते. साडेदहाला मी आईबरोबर बसस्टँडवर उभी होते. तिची बस सदलग्याची, माझी पुण्याची.

“शेवटी ती घरला गेलीच न्हाय गं,” आई म्हणाली.

“शेवट माझा नाही, आई. माझा तेवढा एकच सीन.”

“तू लिवला असतास तर गेली असती.”

मी सदलग्याच्या बसची पाटी शोधू लागले.

“येतीस का घरला? भाकऱ्या टाकतो. ऊन असतानाच जेवून जा.”

“उद्या लॉक आहे. फाइल घेऊन पोचायला हवे.”

“बरं.” तिने पदर सारखा केला. “मोजताना मला धरलंस का?”

“नाही. दोन्ही दिवस वगळले.”

“का?”

“तू माझी आई आहेस. रिपोर्टमध्ये चालत नाही.”

“मग तर आधी धराय पायजे.”

तिची बस आली. ती खिडकीशी बसली आणि वळणापर्यंत माझ्याकडे पाहत राहिली. मीही पाहत राहिले. मग पुण्याची बस लागली.

या प्रकरणातून घ्यायचा धडा एवढाच: मोजणाऱ्याने मोजण्यापूर्वी स्वतः काय विसरलो आहोत याची यादी करावी. अडचण अशी की ती यादी त्याला करता येत नाही. दुसऱ्या कोणाला तरी पायरीवर बसून राहावे लागते.

बसमध्ये रिपोर्ट पूर्ण केला. आईला वगळून, उठून गेलेले सत्तावन्न. सोमवारी परत येऊन सीन संपेपर्यंत बसलेले, एकोणपन्नास. तो पाठवला. मग माझी स्वतःची वही उघडली, तारीख घातली आणि त्याखाली लिहिले: पन्नास.