मागच्या चाकातली हवा

काही गुन्हे पोलिसाला निवृत्तीनंतरही सोडत नाहीत. माझ्या बाबतीत त्यांत एक खून आहे, एक दरोडा आहे आणि एका पिकअपच्या मागच्या चाकातून हळूहळू जाणारी हवा आहे. पहिल्या दोहोंचे तपशील आताशा पुसट झाले आहेत.

ऐंशीच्या दशकात मी नरखेड तालुक्यातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. संत्र्याच्या हंगामात एक बागाईतदार तक्रार घेऊन आला. नागपूरच्या कळमना बाजारात माल न्यायच्या दिवशी सकाळी त्याच्या पिकअपचं मागचं चाक हमखास बसलेलं असे. नरखेडच्या पंक्चरवाल्याने ट्यूब काढून पाण्यात बुडवली, पण बुडबुडा एक नाही. संशय धाकट्या भावावर होता. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणावरून दोघांचं बोलणं बंद होतं, आणि हवा भरायचा पायपंप साऱ्या गावात एकट्या धाकट्याकडे होता.

"मले त्याच्या दारात उभं कराले करते साहेब तो. आत टाका त्याले."

"पंप मागताना त्याला काय म्हणता?"

"काई नाई. मी खाकरतो. तो पंप आणून ठेवते."

दोन दिवसांनी खबऱ्याने खबर आणली की धाकटा सकाळी चाकापाशी वाकलेला दिसला. आमचे हवालदार खूश झाले. हेतू, वैमनस्य आणि साक्षीदार असं सगळं घरपोच क्वचितच मिळतं. त्यांनी कोठडी झाडून घेतली.

धाकट्याला चौकशीला बोलावलं.

"चाकापाशी काय करत होतास?"

"हवा पाहून राहिलो होतो."

"काहून?" तोवर मलाही तिथलं बोलणं लागलं होतं.

त्याने डोक्यावरची टोपी सारखी केली. "दादा आज पंप मागाले येते का नाई, ते."

"आणि आला तर?"

"आला तं दारात दिसते तरी न, साहेब."

खोटं बोलणाऱ्याचं उत्तर तयार असतं. याला स्वतःचंच उत्तर ऐकून लाज वाटत होती. मी त्याला कोठडीऐवजी जीपमध्ये बसवलं.

थोरल्याच्या घरी पिकअपचं चाक निम्मं बसलं होतं. पंक्चरवाला ट्यूब बुडवण्याआधी व्हॉल्व्हचं टोपण काढून ठेवतो, हे मला तिथे सुचलं. मी टोपण तसंच ठेवून त्यावर बोटाने पाणी लावलं. बारीक फेस येऊ लागला. टोपण उघडलं, तर आतून ज्वारीचा दाणा पडला. टोपण आवळलं की दाणा आतली पिन दाबून धरी आणि हवा सावकाश निघून जाई.

अंगणात ज्वारी पाखडत बसलेल्या म्हातारीचं सूप थांबलं. ही दोघांची आई.

"माय, हे तू केलं वं?" थोरला म्हणाला.

"मंग का करू? दिवाळी गेली, संक्रांत गेली, तुमी एकमेकाचं तोंड पाहात नाई. हवा भराले तरी याच्या दारी जातं न!"

"ही युक्ती कुठून शिकलात, आजी?" मी विचारलं.

"ह्या लहान्यापासून. हा बारका होता तवा मोठ्याच्या सायकलीले असंच करे, त्यानं याले टाकून जाऊ नये म्हणून." मग तिने पदर सारखा केला आणि उठली. "नेता का मले? चाला."

धाकटा आडवा आला. "मायले नका नेऊ साहेब. दाणा म्या टाकला."

"तू चूप बस गा," थोरला त्याच्यावर खेकसला. "गाडी माही हाय. म्याच टाकला."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. एका दाण्याचे तीन आरोपी, त्यांतले दोन खोटे. शिवाय भाऊ एकमेकांशी बोलले होते. थोरल्याने तक्रार मागे घेतली. पंप धाकट्याने मारला, पाय दुखेपर्यंत.

हेतू शोधताना आम्ही पोलीस द्वेषापासून सुरुवात करतो, कारण तो नोंदवायला सोपा. माया आम्हाला फार उशिरा सुचते. तिला कलम नाही. त्यानंतर मात्र भाऊबंदकीच्या प्रत्येक तक्रारीत मी आधी विचारत असे, घरात म्हातारं कोण आहे?

पुढच्या हंगामात ते दोघे भाऊ एकाच पिकअपमधून ठाण्यात आले. शेजाऱ्याविरुद्ध तक्रार द्यायची होती.