रुमालाखालची स्पॅनिश

रफिकभाई गेल्याची बातमी मला आयुष्यात दोनदा मिळाली. पहिल्यांदा मिळाली ती जाफराबादच्या बैलबाजारातून. भरदुपारी भाई एका गाडीखाली असे गाढ झोपले होते की नाकावरची माशीसुद्धा हलेना, आणि कुणीतरी घाबरून परतूरला मला फोन लावला. मी दुकानाचं शटर ओढलं, मिळेल त्या जीपला लोंबकळत, वाटेत सगळं तोंड डोळ्यांच्या पाण्यानं धुऊन तिथं पोचलो, तर हे गृहस्थ उठून लाल कंधारी बैलजोडीचा सौदा जमवत बसलेले! मला बघून म्हणाले, "आलात का शेठ? मंग आता रडूनच घ्या, जीपचं भाडं वाया नको जायला." म्हणून या खेपेला त्यांच्या मुलाचा फोन आला, "काका, अब्बा गेले," तेव्हा खरं सांगतो, मी हसलो. म्हणालो, "कोणत्या गाडीखाली हायेत ते बघ आधी." पलीकडून पोरानं दफनाची वेळ सांगितली, तेव्हा मला कळलं.

परतूरच्या पेठेत माझं भांड्यांचं दुकान, आणि रफिकभाई जनावरांच्या बाजारातले दलाल. ज्यांनी हा बाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथं भाव तोंडानं ठरत नाही. दलाल खांद्यावरचा रुमाल हातावर टाकतो, त्याखाली विकणाऱ्याची बोटं दाबतो, मग घेणाऱ्याची दाबतो. या बोटांनी काय सांगितलं ते त्या बोटांना कळत नाही, आणि दोघंही आपणच जिंकलो म्हणून घरी जातात. रफिकभाईंच्या निळ्या चौकटीच्या रुमालाखालून इतके बैल गेलेत की सगळे ओळीनं उभे केले तर पहिल्याचं तोंड धावड्याला आणि शेवटच्याचं शेपूट थेट हैदराबादेत. हा रुमाल ध्यानात ठेवा. माझाही सौदा त्याच्याखालीच झाला, आणि मला पत्ता नव्हता.

माझा मुलगा सुनील नोकरीसाठी मेक्सिकोला गेला, तिथल्याच लुसियाशी त्यानं लग्न केलं, आणि मला मातेओ नावाचा नातू झाला. मी त्याला मत्या म्हणतो. मत्याला मराठी येते ती "थांब", "जेव" आणि "आबा" एवढीच. बाकी सगळं आईच्या भाषेत, स्पॅनिशमध्ये. तो बोलायला लागला तेव्हा एकदा फोनवर त्यानं मला जीव तोडून काहीतरी लांबलचक सांगितलं, अगदी हातवारे करून, आणि मी भिंतीवरच्या पूर्वजासारखा नुसता दात दाखवत बघत राहिलो. फोन ठेवला आणि रफिकभाईंना म्हणालो, साठी उलटली तर उलटली, आपण स्पॅनिश शिकणार. भाई म्हणाले, "एकट्यालाच कुठं जुंपून घेता, शेठ? मी बी येतो जोडीला."

मंग काय विचारता! संध्याकाळी गिऱ्हाईक ओसरलं की दुकानाच्या ओट्यावर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, मध्ये चहा, आणि मोबाइलवर स्पेनमधली एक बाई आम्हाला ओरडायची. सदऱ्याला कामिसा म्हणतात हे कळलं तेव्हा भाई खुर्चीतून उडाले. "अरे, ही तर आपली कमीज! आन साबणाला खाबोन! ही जुबान तर आपल्याच मोहल्ल्यातली निघाली की, शेठ!" पण बोलायला लागले की अडखळायचे. पाच वाक्यांत सहा चुका. मी त्यांच्या टाळूवर टपली मारून दुरुस्ती करायचो, आणि ते कान पकडून "माफी, मास्तर" म्हणायचे. एकदा मात्र कुठून तरी एक शब्द घेऊन आले. "तिकडं मेक्सिकोत दोस्त दोस्ताला काय म्हणतो माहीत हाय का? ग्वे! ग्वे म्हंजी बैल!" जन्मभर बैलांत राहिलेल्या माणसाला याहून मोठा सन्मान कुठला? त्या दिवसापासून आम्ही एकमेकांचे ग्वे झालो. हा शब्द आणला कुठून म्हणून विचारलं, तर म्हणाले, "असाच, कानावर आल्ता." परतूरच्या बाजारात स्पॅनिश कानावर येते कुठून, हे तेव्हाच माझ्या डोक्यात यायला हवं होतं. नाही आलं. बैलच मी.

आमचं खरं भांडण झालं ते 'आहे'वरून. आपल्याकडं कसं, नळाला पाणी आहे, अंगात ताप आहे, वर देव आहे, सगळ्यांना एकच 'आहे' पुरतो. त्या लोकांकडं दोन. कायमचा 'आहे' तो 'एस', आणि सध्यापुरता 'आहे' तो 'एस्ता'. निदान त्या मोबाइलवरच्या बाईंनी तरी असंच सांगितलं होतं. भाई एकदा मेलेल्याला 'एस्ता मुएर्तो' म्हणाले. मी नियम लावून ठणकावलं, "मेलेला माणूस कायमचाच मेलेला असतो. म्हणजे 'एस मुएर्तो'." भाईंनी चहाचा घोट घेतला, रुमालानं मिशी पुसली. म्हणाले, "बराबर हाय, शेठ. मेलेला परत आलेला म्या तरी कुणी बघितला न्हाई." आणि हसले. त्या हसण्याचा अर्थ मला ते गेल्यावर कळला.

रविवारी सकाळी मेक्सिकोला फोन. तो माझा दरबार! लुसिया विचारायची, काय जेवलात? मी धडाधड सांगायचो. मत्या विचारायचा, दुकानात कोणती भांडी आलीत? मी ताटापासून घंगाळापर्यंत सगळं ऐकवायचो. एकदाही अडलो नाही. माझ्या स्पॅनिशची कीर्ती रेल्वेनं परभणीपर्यंत गेली होती. स्टेशनवरचे हमालसुद्धा मला नमस्काराऐवजी "ओला, शेठजी" म्हणायचे. रफिकभाई शेजारच्या खुर्चीत, फोनमध्ये दिसणार नाहीत असे बसलेले. शेवटी मत्या विचारायचा, "एस्ता रफिक?" म्हणजे, रफिक आहे का तिथं? मग भाई मान वाकडी करून फोनमध्ये डोकवायचे, दोन मोडके शब्द बोलायचे, आणि सगळे हसायचे. सगळ्यांत मोठ्यानं मी.

भाई गेल्यानंतरच्या रविवारी मी मन घट्ट केलं. मत्याला ही बातमी मीच द्यायची, त्याच्याच भाषेत. म्हणालो, "रफिक एस मुएर्तो."

पोराचे डोळे भरले. पण रडता रडता म्हणाला, "एस्ता, आबा. एस्ता मुएर्तो." आणि पुढं हुंदके देत बरंच काही बोलला. त्यातलं मला फक्त 'रफिक' कळलं. सुनीलचा चेहरा उतरला.

"काय म्हणतोय तो?"

"काही न्हाई, बाबा. लहान हाय."

"सुन्या, सांग."

"तो म्हणतोय... रफिकचाचांनी सांगून ठेवलं होतं. आबा इथं चुकणार, पण हसायचं न्हाई."

मग एकेक धागा उसवत गेला. भाई दर शनिवारी पहाटेच्या नमाजानंतर लुसियाला फोन करायचे, तिच्या घरच्यांशी तासतासभर बोलत बसायचे. शेठ या आठवड्यात एवढं एवढं शिकलेत, असं सांगायचे. रविवारी मला तेवढंच विचारलं जायचं. "ग्वे" त्यांना लुसियाच्या भावानं शिकवला होता. मी विचारलं, "पण हे सगळं ते सांगायचे कोणत्या भाषेत?" सुनील खाली बघत म्हणाला, "स्पॅनिशमधे, बाबा. लुसियाची आई म्हणते, डोळे मिटून ऐकलं तर तिच्या माहेरच्या गावचा माणूस वाटतो."

घ्या! जो माणूस सुन्याच्या सासूबाईंना माहेरचा वाटतो, त्याच्या टाळूवर मी चार वर्षं टपल्या मारल्या. त्याचं बरोबर असलेलं मी चुकीचं करून दिलं, आणि तो कान पकडून माफी मागत राहिला. आणि माझी ती अस्खलित स्पॅनिश? प्रश्न आधीच ठरलेले, उत्तरं आधीच पाठ केलेली. इकडची बोटं त्यानं दाबली, तिकडची बोटं त्यानं दाबली, आणि मधोमध गळ्यात घुंगरू बांधून डोलणारा बैल मी. चार वर्षांत नातवाशी मी जे बोललो त्यातलं माझं किती, आणि रफिकचं किती? हे आता कुणाला विचारायचं? ज्याला विचारायचं तो तर गेला निघून. असा दगा वैऱ्यानंही केला नसता.

चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला भाईंच्या घरी गेलो तो भांडायलाच गेलो. भाभी म्हणाल्या, "भाईजान, वो तो बैलों से भी उसी में बात करते थे. मैं समझी, बाजार की कोई नई जुबान होगी." मग म्हणाल्या, "एक बार मैंने पूछा, शेठ को बताया क्या? बोले, बताया तो शेठ सीखना छोड़ देंगे." खरंच सोडलं असतं. पण म्हणून काय झालं? मला निदान विचारायचं तरी! माझा राग गेलेला नाही. मटण उत्तम होतं, दोनदा वाढून घेतलं, तरी गेला नाही.

त्यानंतर रविवार आला की मी फोन उलटा करून ठेवायचो. आता मला मोजून मापून प्रश्न विचारणार तरी कोण, आणि मी उत्तर देणार तरी काय... मागच्या रविवारी मत्यानंच त्याच्या आईच्या फोनवरून फोन लावला. मी उचलला. शेजारची खुर्ची मी अजून हलवलेली नाही. तिच्या हातावर तो निळ्या चौकटीचा रुमाल आहे. शेवटच्या रविवारी भाई तो विसरून गेले होते, आणि रागाच्या भरातही तो भाभींना नेऊन द्यायचं मला जमलेलं नाही. मत्याला फोनमध्ये रुमालाची कड दिसली असावी. त्यानं विचारलं, "दोन्दे एस्ता रफिक?"

रफिक कुठं आहे? मला ते कुणी आधी सांगून ठेवलं नव्हतं, तरी कळलं. माझा हात आपोआप त्या रुमालाखाली गेला. बोटं दाबायला खाली कुणी नव्हतं.

"नो एस्ता," मी म्हणालो. नाहीत. माणूस बाजाराला गेला असला की दारात आलेल्याला आपण सांगतो ना, तसंच निघालं ते तोंडातून. कायमचा शब्द माझ्याकडं होता, पण तो आला नाही.

मत्यानं फोन आणखी जवळ ओढला. मग हातवारे करून, जीव तोडून त्यानं काहीतरी लांबलचक सांगायला सुरुवात केली. त्यातलं मला एक अक्षरही कळलं नाही. हात रुमालाखाली तसाच ठेवून मी म्हणालो, "ओत्रा वेस, मत्या. देस्पासियो." पुन्हा एकदा सांग. हळू.

त्यानं पुन्हा सांगितलं. मी म्हणालो, "ओत्रा वेस."