बर्फात निजलेला ससा

मी मोगलाईतलं गाव सोडलं तेव्हा वडील, म्हणजे आबा, गाडीमागं वेशीपर्यंत चालत आले. जावयाकडं न बघता मला म्हणाले, "उन्हाळ्यात यिऊन बघतो. जमत नसंल तर माघारी घिऊन येतो." तुळजापूरकडून सोलापूर ते काय लांब! पण तिकडं निजामाचं राज्य, इकडं इंग्रजाचं. आबांच्या लेखी मी विलायतेलाच निघाले होते.

यांना बर्फाच्या कारखान्यात काम लागलं होतं. एक खोली, नळावरची भांडणं, गिरणीच्या भोंग्यावर उठणं. मला ते सगळं आवडायला लागलं होतं, हे तुम्हा तिकडं राहिलेल्यांना आता सांगायला हरकत नाही.

आबा बोलल्याप्रमाणं आले. पहाटे जाळ्यात सापडलेला ससा सोबत; पोट साफ करून आत कडुलिंबाचा पाला भरलेला. खांद्यावरनं उतरवला आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, आज मंगळवार. भवानीचा वार, आमच्यात चुलीवर मांस चढत नाही. गावी असतो तर मीठ-हळद लावून दोरीवर वाळत घातलं असतं. पण आबांना लेकीच्या हातचा रस्साच हवा होता, अन् दुसऱ्या दिवशी निघायचं होतं.

"बर्फात ठेवू," हे म्हणाले. आमच्याकडं आतून पत्रा मारलेलं खोकं होतं, वितळलेलं पाणी जायला तळाला भोक. मांस कापून घट्ट झाकणाच्या डब्यात, डब्याभोवती बर्फ, वर लाकडाचा भुसा. आबांचा विश्वास बसेना. घटकेघटकेला खोकं उघडून वास घ्यायचे.

"आबा, निजलंय ते. सारखं उठवू नका," मी म्हणाले खरी, पण जीव टांगणीला लागला होता. ससा नासला असता तर मला माघारी न्यायला त्यांना निमित्तच मिळालं असतं.

बुधवारी भाजलेल्या धान्य-मसाल्याचं येसर घालून रस्सा केला. आबांनी आधी हुंगला, मग भाकरी कुस्करली. तिसरी भाकरी मागताना म्हणाले, "ताजंच हाय की गं! जावईबापू, ह्यातला बरफ द्या थोडा. हिच्या आईला दावतो."

आम्ही हसून बेजार. तरी यांनी फडक्यात चांगलं ढेकूळ बांधून दिलं. करोडगिरीच्या नाक्यावर शिपायानं दरडावलं, "क्या है इसमें?" "बरफ," आबा ऐटीत म्हणाले. सोडून बघतात तर नुसतं ओलं फडकं. जकात कशावर घ्यायची, शिपायाला कळेना.

पुढचं आईनंच मला सांगितलं. आबांनी ते फडकं तिच्या हातात दिलं. "पोरीला आणाया नगं आता. तिचं घर झालंय तिथं." आईनं फडकं गालाला लावलं, गार हाय की अजून, म्हणाली, आणि लई रडली.

आता कुणी गाव विचारलं तर मी तुमच्या गावाचंच नाव सांगते. घर विचारलं तर सोलापूर म्हणते. आबांनीच तसं ठरवून दिलंय.